उजेडासमोर धरलेला चेक

मे महिन्याचा शेवट, काजूचा हंगाम सरत आलेला. या दिवसांत गोव्यातल्या वाळपईच्या आमच्या बँकेच्या शाखेत सत्तरी तालुक्याच्या गावागावांतून बियांचे पैसे भरायला माणसं येतात. अकराच्या सुमारास एक काका स्लिप भरून घ्यायला माझ्यासमोर बसले. चेक ४८,६०० रुपयांचा, मडगावच्या एका खात्यावरचा. "४०५ किलो, १२० च्या भावानं," त्यांनी हिशेब तोंडीच सांगितला.

चेक हातात घेतला आणि बोटांना खटकलं. कागद जरा जास्तच गुळगुळीत. खालच्या पट्ट्यातला बँकेचा नंबर ४०३ नं सुरू होणारा, म्हणजे गोव्याचाच. डाव्या कडेला छापखान्याचं नाव आणि 'सीटीएस-२०१०', तेही जागच्या जागी. सीटीएस म्हणजे चेकऐवजी त्याचा फोटो पाठवून तो वटवायची पद्धत. सवयीनं खिडकीकडे धरला. खऱ्या चेकच्या कागदाच्या पोटात लंबगोलातला 'सीटीएस-इंडिया' हा वॉटरमार्क दिसतो. इथं नुसता पांढरा उजेड.

मग युव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशाच्या लॅम्पखाली सरकवला. सीटीएसच्या कागदात चमक आणणारं रसायन घालत नाहीत, त्यामुळे तो मंद राहतो आणि खास शाईत छापलेलं बँकेचं चिन्ह तेवढं उजळतं. हा चेक नीळ दिलेल्या सदऱ्यासारखा लखलखला आणि चिन्हाचा पत्ता नाही. नीट न्याहाळलं तर नक्षीत 'व्हॉइड', म्हणजे 'रद्द', ही अक्षरं फिकट उमटलेली. मूळ चेकवर ती डोळ्यांना जाणवत नाहीत, कलर झेरॉक्स काढली की वर येतात.

आता चेक मडगावला जात नाही, त्याचा फोटो जातो. त्या फोटोत ना वॉटरमार्क उतरतो, ना ती शाई. तिकडचे लोक सही, तारीख, रक्कम बघणार आणि पास करणार. कागद हातात घेऊन पाहणारे शेवटचे आम्हीच. म्हणून रांग कितीही असो, मी चेक उजेडासमोर धरल्याशिवाय पुढे सरकवत नाही.

मॅनेजर साहेबांनी मडगावच्या शाखेला फोन लावला. त्यांनी खातेदाराला विचारलं. त्या नंबरचा चेक त्याच्या पुस्तकात कोराच होता. रक्कम पन्नास हजारांच्या आत ठेवली होती, तीही जाणूनबुजून, असं मला आजही वाटतं. पन्नास हजारांपासून पुढच्या चेकचा तपशील खातेदार बँकेला आधी कळवून ठेवू शकतो, मग असा चेक जुळत नाही.

काकांना सांगताना माझाच घसा दाटला. ते चेककडे बघत राहिले. "पण बिया घेणाऱ्यानं सही माझ्यासमोर केली, बाय."

"काका, सगळ्या बिया नेल्या त्यानं?"

"सात पोती आहेत पडवीत. संध्याकाळी टेम्पो येणार."

साहेब पोलिसांना फोन लावत होते. मी माझा मोबाईल काकांपुढे धरला. त्यांनी घरी मुलाला सांगितलं, "पडवीला कुलूप घाल. टेम्पोवाला आला तर चहा दे, बसवून ठेव. आम्ही येतोच."