आमची वाटचाल : लग्नपत्रिका, बिलबुकं आणि मोर्च्याचे फलक

आमच्या छापखान्याचं पोट भरलं ते लग्नपत्रिकांवर आणि बिलबुकांवर. पण अक्षर कसं लावावं हे शिकवलं मोर्चेवाल्यांनी. पत्रिका माणूस घरी बसून निवांत वाचतो. फलक मात्र रस्त्याच्या पलीकडून, चालत्या गर्दीत, पुष्कळदा एकेक अक्षर जुळवत वाचला जातो.

अण्णांनी औरंगाबादेत जुनं ट्रेडल, म्हणजे पायानं चालवायचं छपाईयंत्र, घेऊन काम सुरू केलं, त्याला थोडीच वर्षं झाली असतील. 27 जुलै 1978 ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. गावोगाव दलितांची घरं जळाली. ठराव तसाच पडून राहिला. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार होईपर्यंत (जुनं नाव ठेवून त्याला बाबासाहेबांचं नाव जोडलं), म्हणजे साडेपंधरा वर्षं, पत्रकांचं आणि भित्तीपत्रकांचं काम येत राहिलं. बहुतेक उधारीवर, आणि सकाळी पाहिजे म्हणून रात्री आलेलं.

मोठे टाईप, म्हणजे छपाईचे अक्षरांचे ठसे, लाकडी, तेही मोजके. एका ओळीत तीन ‘च’ आले की टाईप लावणारा जुळारी डोकं धरायचा. अण्णा मग घोषणेकडे कारागिराच्या नजरेनं बघायचे. ‘नामांतर झालेच पाहिजे’ ही त्यांची लाडकी ओळ. उच्चारून नव्हे, लावून बघा : अख्ख्या ओळीत एकही उकार नाही, खाली लोंबणारं जोडाक्षर नाही. खालची जागा मोकळी, म्हणून टाईप एक नंबर मोठा बसायचा. ‘जय भीम’चंही तेच. याउलट ‘स्वातंत्र्य, समता, बंधुता’ एका फलकावर लावायचं म्हटलं की कसरत. ‘स्वातंत्र्य’ला जोडाक्षरं, ‘बंधुता’ला वर अनुस्वार नि खाली उकार. मधल्या ‘समता’ला वर काही नाही, खाली काही नाही. ती एकटी हवी तेवढी मोठी होते, पण बाकी दोघींसाठी तिला आवरून धरावं लागतं.

इंग्रजीवाल्यांना ओरडायचं असलं की कॅपिटल अक्षरं असतात. आपल्याकडे ती सोय नाही. जाडी, आकार आणि रंग एवढ्यावरच भागवायचं. माझ्या मुलीनं एकदा अमेरिकेतला जुना फोटो दाखवला. 1968, मेम्फिस शहर. कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात चिरडून दोन सफाई कामगार मेले आणि तेराशेच्या आसपास कृष्णवर्णीय कामगारांनी संप केला. प्रत्येकाच्या गळ्यात किंवा हातात एकच फलक, ‘आय ॲम अ मॅन’. मी माणूस आहे. काळी ठसठशीत अक्षरं आणि फक्त ‘ॲम’खाली एक रेघ. मी तो फोटो बराच वेळ बघितला. चित्र नाही, नेत्याचा चेहरा नाही, संघटनेचं नाव नाही. मराठीत ती रेघ मारली असती तर उकारात घुसली असती, हे आपलं धंद्याच्या सवयीनं डोक्यात आलं. आम्ही अशा वेळी तेवढाच शब्द निळ्यात किंवा लाल शाईत घेतो.

उर्दू पत्रकांची तऱ्हा वेगळीच होती. उर्दू लिपीचं नस्तालिक वळण शिशाच्या खिळ्यांत, म्हणजे धातूच्या टायपात, कधी नीट बसलं नाही, म्हणून शहरात कातिब, म्हणजे सुंदर अक्षराचे लेखनिक, हातानं लिहायचे आणि त्यावरून छपाई व्हायची. एकाच मोर्च्याचं मराठी पत्रक खिळ्यांचं, उर्दू पत्रक बोरूचं. दिसायला उर्दूच देखणं, हे अण्णाही मान्य करायचे.

एक गोष्ट मात्र अण्णांनी कधी सोडली नाही. 1867 च्या कायद्याप्रमाणे छापील कागदावर मुद्रकाचं नाव-गाव लागायचं. दंगलीच्या दिवसांत पुष्कळजण म्हणायचे, नाव टाकू नका, उगाच लचांड कशाला. अण्णा पत्रकाच्या तळाशी सगळ्यात बारीक टाईपात आमचं नाव लावायचेच. चौकशीला माणसं आली की पहिलं बोट तिथंच पडायचं. त्या ओळीपायी दोन मोठी गिऱ्हाईकं तुटली, आणि त्या ओळीपायीच वस्त्यावस्त्यांत आमचा पत्ता माहीत झाला. हिशोब कुठल्या बाजूला गेला हे अण्णांनी कधी सांगितलं नाही. मी वह्या बघितल्या तर तोट्याच्या निघाल्या.

ट्रेडल गेलं, ऑफसेट आलं, मग संगणक. 9 ऑगस्ट 2016 ला मराठा क्रांती मोर्चाचा पहिला मूक मोर्चा याच शहरातून निघाला. तोंडानं घोषणा द्यायच्या नाहीत, म्हणजे सगळा भार फलकांवर. मजकूर व्हॉट्सॲपवर यायचा, आणि आमच्या जुन्या फॉन्टमध्ये घेतला की पहिली वेलांटी उडायची, रफार शेजाऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसायचा. तेव्हापासून सगळं काम युनिकोडवर, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीवर, आणलं. आता ‘मुक्ता’सारखे मोफत फॉन्ट मिळतात, जाड वजनातही वाचता येतात. तरी एका आजोबांनी फलक परत आणला होता : “हा ‘ल’ हिंदीचा आहे, आपला द्या.” दिला.

फ्लेक्सवर मात्र माझा राग आहे, आणि फ्लेक्सवरच माझं घर चालतं. चौरस फुटावर दर, म्हणून गिऱ्हाईकाला वाटतं जेवढे चेहरे बसतील तेवढी किंमत वसूल. मागणी काय आहे ते खाली कोपऱ्यात, पत्रिकेच्या टाईपात. आम्ही डिझाईनची प्रिंट काढून समोरच्या पानटपरीजवळ धरतो आणि तिथं उभ्या असलेल्या कुणालाही वाचायला सांगतो. अडखळला तर फोटो कमी करा म्हणतो. निम्मे ऐकतात.

यंदापासून कापडी फलक पुन्हा सुरू केलेत. रंगवणारे पेंटरदादा अण्णांच्या वेळचेच आहेत, आधी खडूनं ओळ आखून घेतात. 14 जानेवारीला विद्यापीठ गेटवर आणि 14 एप्रिलला लागणारं काम आठवडाभर आधी सांगा. मजकूर रात्री बारानंतर बदललात तरी घेऊ. फोटो वाढवलात तर घेणार नाही.