पियानो बाईंचा, फाईल नवऱ्याची

पंधरा वर्षं पियानो वाजवतेय, पण मारी याएल हे नाव मागच्या वर्षीपर्यंत कानावरही आलं नव्हतं. फ्रान्सच्या अल्सास भागातली पियानिस्ट आणि संगीतकार बाई, जन्म 1846. पॅरिसमध्ये 1893 ला बीथोव्हेनचे सगळे 32 सोनाटा वाजवले हिने. संगीतकार फ्रान्झ लिस्टने आपला तिसरा मेफिस्टो वॉल्ट्झ हिला अर्पण केलाय. आणि हिचं स्वतःचं संगीत? फारसं कुणी वाजवतच नाही.

मला हवे होते इटालियन कवी डांतेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'वरचे हिचे 18 पीसेस, 1894 चे: सहा नरकाचे, सहा परगेटरीचे (स्वर्गाआधी पापं धुवायची जागा), सहा स्वर्गाचे. नेटवरच्या स्कॅनमध्ये नेमकी नरकाची दोन पानं अर्धवट कापलेली. मग युरोपातल्या एका लायब्ररीला (नाव नको, परत काम पडेल) त्यांच्या यादीतला नंबर देऊन कॉपी मागितली, बँकेत ए-टू फॉर्म (परदेशी पैसे पाठवायचा) भरून तेरा युरो पाठवले, त्यावर चार्ज किती लागला ते विचारू नका.

दीड महिन्याने पीडीएफ आली. उघडते तर ऑपेराच्या गाण्यांवरची फँटसी! वर नाव याएलच, पण आल्फ्रेड. नवरा! तोही त्या काळचा नावाजलेला पियानिस्ट, त्यामुळे 'याएल' शोधलं की आधी तोच समोर येतो. मेल केली, तर उत्तर आलं की नंबर तुम्हीच दिला होता. दिला होता, कबूल, पण तुमच्या यादीत नुसतं 'याएल' लिहिलंय तर मी काय कपाळ ओळखणार? परत मेल. परत तेच, नोंद बरोबर आहे, नवीन कॉपीचे पैसे नव्याने भरा. तिसऱ्या मेलला तर आठ दिवस उत्तरच नाही. शेवटी रात्री साडेअकराला बसून लिहिलं, की बाई, आल्फ्रेड 1882 लाच वारला, मग 1894 चे पीसेस त्याचे कसे असतील, दोघांना वेगळं करा की जरा! (भाचीने फ्रेंच करताना सौम्य केलं. मूळ मराठी बरंच तिखट होतं.) चौथ्या दिवशी बरोबर फाईल, जादा पैसे न मागता.

हां, शोधताना माहेरचं नाव ट्राउटमान तेही टाकून बघा, आणि याएलच्या ई वरची दोन टिंबं एकदा देऊन, एकदा काढून. पैसे भरायच्या आधी कव्हरचा फोटो मागायचा, हे मला फारच उशिरा सुचलं.

सध्या नरकातला पहिला पीस बसवतेय, त्याचं नाव 'पाठलाग'. डावा हात अजून मागेच राहतोय.