हिरवी टेस्ट बघून मला बरं का वाटत नाही

कुणी नवी टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते तपासणारा छोटा प्रोग्राम, लिहून पाठवली की मी ती आधी वाचत नाही. ती ज्या कोडची राखण करते तो कोड उघडते आणि मुद्दाम मोडते. ‘पेक्षा लहान’ असेल तिथे ‘लहान किंवा समान’ करते, नाहीतर एखादी अटच उडवते. परत बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणं), परत टेस्ट. टेस्ट लाल झाली, म्हणजे नापास, तर वाचायला बसते. हिरवीच राहिली तर लिहून कळवते की अमुक ओळ काढली तरी पास होतेय, मग ही नक्की तपासते काय?

बिटकॉइन कोअर, म्हणजे बिटकॉइनचं मुख्य सॉफ्टवेअर, त्यावरचं माझं बहुतेक काम हे असं मोडामोडीचं आहे. नोकरी सांभाळून, रात्रीची जेवणं आटोपली की. घरच्यांचा समज असा की मी कॉइन बनवते. काका दर दिवाळीत हळूच विचारतात, “अगं, आता घेऊन ठेवावं का?” भाव मला खरंच माहीत नसतो, पण ते काही त्यांना पटत नाही.

माझी नाणी असतात रेगटेस्टवर. रेगटेस्ट म्हणजे आपल्याच लॅपटॉपवर चालणारं खासगी नेटवर्क. इथे मायनिंगला, म्हणजे व्यवहारांचे गठ्ठे (ब्लॉक) साखळीत जोडायला, यंत्रं लागत नाहीत, एक कमांड दिली की हवे तेवढे ब्लॉक लगेच तयार. मात्र नियम जवळजवळ तेच. ब्लॉक काढणाऱ्याला मिळणारं बक्षीस १०० ब्लॉक उलटल्याशिवाय खर्च करता येत नाही, म्हणून बऱ्याच टेस्टच्या सुरुवातीला आधी १०१ ब्लॉक पाडायचे, तेव्हा कुठे पहिली ५० नाणी हाताशी येतात. खऱ्या साखळीत दर २,१०,००० ब्लॉकला बक्षीस निम्मं होतं, रेगटेस्टवर दर १५० ब्लॉकला. म्हणजे खोट्या पैशांतसुद्धा सगळी मिळून सुमारे १५ हजार नाण्यांच्या पुढे कुणी जाऊ शकत नाही!

टेस्ट पायथनमध्ये लिहायची. ती दोन-तीन नोड (हे सॉफ्टवेअर चालवणारे नेटवर्कचे सदस्य) उभे करते, त्यांना एकमेकांशी जोडते, मधेच तोडते, घड्याळ पुढे सरकवते. आणि मुख्य म्हणजे स्वतःच एक लबाड पीअर (समोरचा नोड) बनून नोडला वाईट ब्लॉक पाठवते. चांगला ब्लॉक स्वीकारला जातो हे दाखवणं सोपं असतं. खरा कस लागतो तो ‘नाही’ म्हणण्याचा, तेही योग्य कारणासाठी. भलत्याच कारणाने नाकारलेला ब्लॉक टेस्टला हिरवी करतो आणि आपण निर्धास्त होतो. म्हणून टेस्टमध्ये नकाराचं कारणही शब्दशः जुळवून बघायचं.

हे वेड का, ते इतिहास बघितला की कळतं. १५ ऑगस्ट २०१० रोजी ब्लॉक ७४६३८ मध्ये एका ट्रान्झॅक्शनने १८,४४६ कोटींहून अधिक बिटकॉइन निर्माण केले. मर्यादा किती, तर २.१ कोटी. दोन आउटपुट, म्हणजे पुढे दिलेल्या रकमा, इतके प्रचंड होते की त्यांची बेरीज ६४ बिटांत मावेना. ती उलटून ऋण झाली आणि ‘इनपुटपेक्षा, म्हणजे आत आलेल्या रकमेपेक्षा, कमीच आहे की’ म्हणून तपासणीतून सुटली. काही तासांत दुरुस्ती आली आणि तो ब्लॉक बाद ठरला.

पण मला जास्त छळतो तो सप्टेंबर २०१८ चा बग. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये तेच इनपुट दोनदा वापरलं तर काय? ही तपासणी कोडमध्ये होती. पण ब्लॉक तपासताना ती दुसऱ्यांदा होतेय, वेळ जातोय, असा समज होऊन ०.१४ आवृत्तीत ब्लॉकच्या मार्गावर ती बंद केली गेली. तेवढ्यावर असा ब्लॉक आला तर नोड क्रॅश व्हायचा. पुढे ०.१५ मध्ये खर्च न झालेल्या आउटपुटची साठवणूक बदलली, आणि काही परिस्थितीत क्रॅशही न होता शून्यातून पैसा तयार होण्याची वाट उघडली. दुहेरी इनपुटवर युनिट टेस्ट (कोडचा एकच सुटा भाग तपासणारी) होतीच, आणि तीही इमानेइतबारे हिरवी होती. ती सुट्या ट्रान्झॅक्शनची परीक्षा घेत होती, आणि त्या मार्गावर तपासणी चालूच होती. १८ सप्टेंबरला ०.१६.३ आली. तिच्यात दुरुस्ती आहे अगदी किरकोळ, आणि ब्लॉकच्या मार्गाने दुहेरी इनपुट पाठवून बघणारी टेस्टही आहे.

यावर कुणी म्हणेल, मग सगळंच कडक करून टाका. तेही चालत नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये ०.८ आवृत्तीने बर्कले डीबी सोडून लेव्हल डीबी घेतला. जुन्या डेटाबेसमध्ये एकावेळी किती लॉक (नोंदींवरचे तात्पुरते ताबे) घेता येतात याला मर्यादा होती, आणि तो नियम आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं. मार्चमध्ये एक मोठा ब्लॉक आला, नव्या नोडनी घेतला, जुन्यांना पेलवला नाही, आणि साखळी दुभंगली. नवी आवृत्ती बरोबर होती, तरी मायनरांना ०.७ वर परत जायला सांगावं लागलं. अशी क्षेत्रं फार नसतील जिथे जुना बगसुद्धा सांभाळावा लागतो.

टेस्टनेट, म्हणजे चाचणीसाठीचं सार्वजनिक नेटवर्क, त्याबद्दल फार लिहीत नाही, कारण मी तिकडे क्वचित जाते. २० मिनिटं ब्लॉक आला नाही की तिथे सगळ्यात सोप्या पातळीवर ब्लॉक काढायची मुभा आहे. टेस्टनेट ३ वर त्या मुभेमुळे कधीकधी ब्लॉकचा नुसता पूर यायचा. शिवाय लोक ती फुकटची नाणीही विकायला लागले. (माणूस कशालाही भाव लावतो.) २८.० आवृत्तीत आलेल्या टेस्टनेट ४ मध्ये पुराचा तेवढा बंदोबस्त केलाय.

कोड लिहिणारे पुष्कळ आहेत, तपासणारे कमी. त्यामुळे ऐंशी ओळींची टेस्टही महिनोन्‌महिने रांगेत राहते. माझीही एक आहे सध्या. मेम्पूलमधून (ब्लॉकमध्ये जायची वाट बघणाऱ्या ट्रान्झॅक्शनच्या साठ्यातून) ट्रान्झॅक्शन हाकललं जातं त्या कडेची. मधल्या काळात आजूबाजूचा कोड हलला, आता रिबेस (माझा बदल नव्या कोडवर बसवणं) मागताहेत. शनिवारी करते. कुणाला रिव्ह्यू करायचा असेल तर सी प्लस प्लस यायलाच हवं असं नाही, पायथन वाचता आलं तरी पुरे. पहिला बिल्ड मात्र रात्री लावून झोपा, जुन्या लॅपटॉपवर फार वेळ खातो.