लॉस शून्य

पीएच.डी.चं दुसरं वर्ष. डोंगरातल्या एका शाळेत आम्ही पाच किलोमीटरवरच्या टॉवरवरून लांब पल्ल्याच्या वायफायने नेट पोहोचवलं होतं. मुख्याध्यापकांचा फोन ठरलेला: "सकाळी छान चालतं हो, दुपारी पार मान टाकतं."

तीन आठवडे मी मुंबईत बसून आलेख बघत होतो. पॅकेट लॉस, म्हणजे वाटेत हरवलेले डेटाचे तुकडे, शून्य! गाइडना तेच दाखवून खूश. डिले, म्हणजे पोहोचायला लागणारा वेळ, मात्र दिवसाची सरासरी काढून बघायचो, त्यात दुपारचा अर्धा तास विरघळून जायचा. शेवटी लॅपटॉप घेऊन एसटीने गेलो.

ऑफिसातल्या लोखंडी कपाटावर राउटर, खाली माझं पिंग सुरू: छोटं पॅकेट पाठवायचं आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. ४० मिलिसेकंद, ४२, ३९. दीड वाजता खिचडी वाटून झाली, सरांनी आणि दोन बाईंनी वाटपाचे फोटो पोर्टलवर अपलोडला लावले. ४००. १,१००. २,९००. मग तिथेच मुक्काम. आणि लॉस? शून्यच.

कागदावर गुणाकार केला. टॉवरशी बोलणाऱ्या वायफाय रेडिओच्या रांगेत २५६ पॅकेटं मावत होती, एकेक १,५०० बाइटचं. म्हणजे तीन मेगाबिटच्या वर. अपलोडचा वेग १ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला एक मेगाबिट. पिंगचं इवलंसं पॅकेट तीन सेकंद त्या फोटोंमागे ताटकळत होतं. टीसीपीला, म्हणजे पाठवण्याचा वेग ठरवणाऱ्या नेटच्या नियमावलीला, गर्दी सहसा कळते ती पॅकेट पडल्यावर, म्हणजे हरवल्यावर; इथे पडतच नव्हतं, मग फोन कोंबत सुटले.

१९८६ मध्ये अमेरिकेत बर्कलेला जेमतेम ४०० यार्डांच्या अंतरात नेटचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला होता. त्यातून व्हॅन जेकबसन या संशोधकाने टीसीपीला गर्दीत पाय आवरायला शिकवलं. त्याचा १९८८ चा पेपर मला परीक्षेपुरता तोंडपाठ होता. शून्य लॉस हाच रोग असू शकतो, हे काही सुचलं नव्हतं.

उपाय दहा मिनिटांचा. राउटरचा वेग रेडिओपेक्षा जरा कमी, ९०० केबीपीएसवर बांधला, म्हणजे रांग रेडिओत न लागता राउटरमध्ये लागेल, आणि तिथे एफक्यू-कोडेल ही रांग आवरणारी पद्धत चालू केली. ताटकळणं पाच मिलिसेकंदांच्या वर शंभरेक मिलिसेकंद टिकलं, की ती पॅकेटं फेकून द्यायला लागते; मग फोनना गर्दी कळते आणि ते वेग आवरतात. पिंग ५५ वर आलं.

शिपाईकाकांनी विचारलं, "नवी तार ओढली का?"

"नाही काका, थोडी पॅकेटं फेकायला सांगितली."

हे ऐकून बाईंनी ताबडतोब पोर्टल उघडलं आणि एकेक फोटो मोजायला घेतला.