आरशातलं मांजर

मंगळवार, रात्री साडेअकरा

दुपारी माझ्या चित्रांची प्रूफं, म्हणजे छपाईचे नमुने, आले. मांजराच्या मिशा शाईत बुडाल्या आहेत. मिशाच काय, सगळं तोंडच डांबर फासल्यासारखं झालंय. प्रकाशकांना फोन केला तर म्हणाले, "अहो, मुलांचं पुस्तक आहे. मुलं काय मिशा मोजत बसणारेत?" मी "हं" म्हटलं आणि फोन ठेवला. संध्याकाळभर त्या "हं"चाच राग येतोय. (मिशा मुलंच मोजतात. मोठी माणसं मजकूर वाचतात आणि पान उलटतात.)

म्हणून रात्री पुन्हा जॉन टेनिएल घेऊन बसले. 'ॲलिस इन वंडरलँड'ची चित्रं काढणारा. महिनाभर त्याच्याबद्दल मिळेल ते वाचतेय. मांजर काढायला घेतलं तेव्हा त्याचं चेशायर मांजर (गोष्टीतलं, हसत हसत गायब होणारं) समोर ठेवलं होतं, त्या निमित्ताने हे वेड लागलं.

जन्म लंडनमध्ये, १८२०चा. वडील नृत्य आणि तलवारबाजी शिकवायचे. विशीत असताना त्यांच्याशीच सराव करताना तलवारीच्या टोकावरची बोंडी निसटली आणि टोक ह्याच्या उजव्या डोळ्याला लागलं. त्या डोळ्याची दृष्टी हळूहळू गेली. पण इजा किती मोठी आहे ते त्याने वडिलांना कळू दिलं नाही, त्यांच्या जिवाला लागेल म्हणून. एकाच घरात हे त्याने कसं निभावलं असेल? जेवताना, जिना उतरताना, वडील उजव्या बाजूने आले की?

आणि मग ह्या माणसाने हत्यार निवडलं ते सिक्स-एच पेन्सिल. ती इतकी कडक की रेघ राखाडी, जेमतेम दिसणारी. मी दोन डोळ्यांनी मऊ, काळी टू-बी वापरते आणि संध्याकाळी डोळ्यांत थेंब घालते.

ते काम कसं चालायचं ते आज नीट समजून घेतलं. आधी कागदावर चित्र. ते ट्रेसिंग कागदावर उतरवायचं. मग तो कागद पालथा घालून पांढरा हात दिलेल्या बॉक्सवुडच्या (कठीण लाकडाच्या) ठोकळ्यावर गिरवायचं, म्हणजे चित्र उलटं उमटतं. त्यावर पेन्सिलीने शेवटचं बारीक काम. तिथून ठोकळा जायचा डॅल्झिएल बंधूंच्या खोदकामाच्या कारखान्यात. तिथला कारागीर रेघ कोरत नाही, रेघेच्या आजूबाजूचं लाकूड काढतो. रेघ उंच राहिली पाहिजे, तिलाच शाई लागणार. दोन रेघांमधली चिंचोळी पांढरी फट म्हणजे तिथून उचललेलं लाकूड. आणि ठोकळ्यावर पेन्सिलीने जे काढलं होतं, ते ह्या खोदण्यातच संपून जातं. महिनोन् महिने काम करायचं ते दुसऱ्याने आपलं चित्र कापून टाकावं म्हणून! ठोकळे झिजू नयेत म्हणून प्रत्यक्ष छपाईला त्यांच्यावरून घडवलेले धातूचे ठसे वापरले. खुद्द ठोकळे १९८५ साली लंडनमधल्या एका बँकेच्या तिजोरीत सापडले.

मला मात्र सगळ्यात जास्त आवडतं ते १८६५चं प्रकरण. पुस्तक लुईस कॅरल ह्या नावाने लिहिणाऱ्या चार्ल्स डॉजसनचं. ऑक्सफर्डचा गणिताचा शिक्षक, आणि खर्च सगळा स्वतःच्या खिशातून. ४२ चित्रांचे टेनिएलला १३८ पौंड दिले. २००० प्रती छापून झाल्या, काही लोकांना भेट म्हणून पोचल्यासुद्धा. जुलैमध्ये टेनिएलचं पत्र आलं की चित्रांची छपाई मला अजिबात पसंत नाही. बस्स. डॉजसनने पुस्तक मागे घेतलं. भेट दिलेल्या प्रती लोकांकडून परत मागवल्या आणि परत आल्या त्या इस्पितळांना देऊन टाकल्या. दुसऱ्या छापखान्यात पुन्हा पहिल्यापासून छपाई. एकूण खर्चाचा हिशेब ६०० पौंडांवर गेला. एवढा फरक नव्हताच, असं दोन्ही छपाया पाहिलेले काही जण आजही म्हणतात. नसेल. त्या पहिल्या छपाईचे न बांधलेले फर्मे (छापील कागद) पुढे अमेरिकेतल्या प्रकाशकाला विकले, म्हणजे पैसे अगदीच पाण्यात गेले नाहीत. तिकडच्या वाचकांनी तक्रार केल्याचं काही माझ्या वाचनात नाही.

ह्यात टेनिएलचं मला नवल वाटत नाही, तो तेव्हा 'पंच' साप्ताहिकाचा मोठा व्यंगचित्रकार होता, त्याचा शब्द चालायचा. (तिथे पन्नास वर्षांत दोन हजारांवर चित्रं केली. मुलांची पुस्तकं हे त्याचं जोडकाम, हे आपण विसरतो.) नवल डॉजसनचं. पैसा त्याचा, पुस्तक त्याचं, आणि एका नाराज चित्रकाराचं ऐकून त्याने छापलेला माल बाजूला काढला.

अर्थात दोघांचं गूळपीठ वगैरे नव्हतं. आरशापलीकडच्या दुसऱ्या पुस्तकाला टेनिएल आधी तयारच होईना. झाला तेव्हा, केसांचा टोप घातलेली गांधीलमाशी काढणं कलेच्या आवाक्याबाहेरचं आहे, असं कळवून मोकळा. डॉजसनने तो अख्खा प्रसंग काढून टाकला! उलट टेनिएलचा जॅबरवॉक राक्षस पहिल्याच पानासमोर लावायचा होता, तर मुलं घाबरतील का, हे डॉजसनने तीसेक आयांना विचारलं. राक्षस आत गेला, पुढे बिचारा पांढरा सरदार आला.

माझ्या प्रतीत जुनीच मांडणी ठेवली आहे, म्हणून एक गंमत हाताला लागली. झाडावरच्या मांजराची दोन चित्रं एकामागोमाग उजव्या पानांवर आहेत, झाड तेच, जागा तीच. मधलं पान उचललं की झाड राहतं आणि मांजर विरतं, हसू तेवढं शिल्लक. मी ते दहा-बारा वेळा केलं असेल. दुसऱ्या पुस्तकात ॲलिस आरशात शिरते ते पानाच्या एका बाजूला, आणि पाठच्या बाजूला ती पलीकडे बाहेर पडतेय. म्हणजे पानाचा कागद हाच आरसा. पलीकडच्या घड्याळाला चेहरा आहे आणि ते हसतंय. हे मला तिसऱ्यांदा बघताना दिसलं, भिंगातून.

१८७१ला ते पुस्तक आलं. त्यानंतर मात्र पुस्तकांसाठी चित्रं काढण्याची शक्तीच माझ्यातून निघून गेली, असं त्याने डॉजसनला लिहिलं. 'पंच'मध्ये पुढे तीस वर्षं काढत राहिला, म्हणजे हात थकला नव्हता. डॉजसनला थकला असेल, असा माझा आपला वहीम.

आत्ता पावडरच्या डबीतला आरसा काढून मांजराच्या चित्रासमोर धरला. ठोकळ्यावर चित्र असंच दिसत असणार. मांजर दुसरीकडे तोंड करून बसलं, टेनिएलची एकमेकांत गुंतवलेली आद्याक्षरं उलटी झाली. कुण्या कारागिराने ती अशीच उलटी सोडवून घेतली होती, आजूबाजूचं लाकूड काढत. मिशा मोजल्या. प्रत्येक मिशी सुटी आहे.

मग शेजारी माझं प्रूफ धरलं. आरशातही काळंच. उद्या दहाला प्रकाशकांना फोन.