दर खेपेला नवा डॉक्टर आणि तोच प्रश्न

माझा भाचा सहावीत असताना आमच्याकडे फोंड्याला राहायला आला. आधीच्या घरी त्याने कित्येक वर्षं मार आणि शिव्याच खाल्ल्या होत्या. बालकल्याण समिती, ताबा, नवी शाळा हे सगळं सुरळीत पार पडलं. घोडं अडलं ते उपचारांपाशी.

दार आपटलं की तो टेबलाखाली शिरायचा. कुणी फळा पुसायला हात वर केला तरी डोकं झाकायचा. रात्री अंथरूण ओलं व्हायचं. वर्गशिक्षिका म्हणायच्या, अभ्यासात लक्ष नाही. लक्ष होतं, पण ते सगळं दाराकडे, मागून येणाऱ्या पावलांकडे. फळ्यासाठी काही उरतच नव्हतं.

एका सरकारी इस्पितळात केसपेपर काढायला गेलो. खिडकीवरच्या माणसाने अख्ख्या रांगेदेखत मोठ्याने विचारलं, "पोराला काय झालंय?" आत सांगते म्हटलं तर म्हणाला, इथे लिहावं लागतं. भाचा माझ्या मागे लपला. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. अशा वेळी कायद्याचं नाव घ्या, आवाज न चढवता.

आत एक शिकाऊ डॉक्टर होती, वागायला चांगली. "काय काय झालं, सांग बाळा." त्याने तुटकतुटक सांगितलं. पुढच्या खेपेला ती दुसऱ्या विभागात गेलेली. नवा डॉक्टर, कोरा कागद, "सुरुवातीपासून सांग." त्या रात्री तो किंचाळत उठला. त्यानंतर आणखी एक नवा डॉक्टर, आणि त्याने तर कहरच केला. "मागे पट्टा म्हणालास, आज काठी म्हणतोस. नक्की काय?" भाच्याने तोंड मिटलं ते घरी येईपर्यंत उघडलं नाही. माझा संताप अजून शमलेला नाही. भेदरलेल्या मुलाच्या आठवणी तुकड्यातुकड्यांनी येतात, क्रम मागेपुढे होतो, तपशील बदलतात. म्हणून मूल खोटं बोलतंय असं होत नाही. त्या खुर्चीवर बसणाऱ्याला एवढं ठाऊक असायलाच हवं.

मग मी एका पानावर सगळं लिहून काढलं: काय घडलं, कधीपासून, झोप कशी, कशाला घाबरतो, कुणाजवळ शांत राहतो. खाली ठळक अक्षरांत लिहिलं, "कृपया मुलाला पुन्हा विचारू नये." विभागप्रमुखांना लेखी अर्ज दिला की दर वेळी एकच व्यक्ती हवी. उत्तर येईना. पुन्हा गेले, पुन्हा बसले, आणि शेवटी एक मानसोपचारतज्ज्ञ बाई ठरवून मिळाल्या. त्या दिवशी बसमध्ये मी रडले, आणि मला स्वतःचा अभिमानही वाटला.

बाईंनी सुरुवातीला घडलेल्याचा विषयच काढला नाही. श्वास कसा घ्यायचा, राग आला की शरीरात कुठे कळतो, आधी हे शिकवलं. घडलेलं सांगणं बरंच नंतर आलं, त्याच्या कलाने, आधी चित्रांतून. मानसिक आघातावरच्या या उपचारपद्धतीत साधारण 12 ते 16 बैठका असतात आणि पालकालाही वेगळं शिकवतात. चुकवू नका. सांगण्याने मूल बरं होतं, पण ते भरवशाच्या माणसापाशी. खिडकीखिडकीवर सांगून जखम चिघळते.

आधीच सांगायला हवं होतं: घरात मारहाण चालू असेल तर 1098 हा मुलांसाठीचा नंबर रात्रीही चालतो. मन मोकळं करायला किंवा सल्ल्याला 14416, म्हणजे टेलि-मानस, मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन. लैंगिक अत्याचार असेल तर 2012च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलाचा जबाब घरी घेता येतो, पोलिसांनी गणवेशात यायचं नसतं आणि मुलाच्या भरवशाचं माणूस सोबत बसू शकतं. हे मागून घ्या.

शाळेला सगळी कथा सांगायची गरज नाही. मागच्या बाकावर, भिंतीला पाठ लावून बसू द्या, एवढं सांगितलं तरी भाच्याला पुरलं.

आणि अर्जावर शिक्क्याची पोच घ्याच. तिची झेरॉक्स त्या पानाबरोबर फाईलीत वरच ठेवा. डॉक्टर बदलला की आधी फाईल पुढे करायची, मूल नंतर.