पुलाव उबीन : बारा डोकी जमली की निघायचं

पुलाव उबीन हे सिंगापूरचं एक बेट. तिथे जायची बोट चांगी पॉइंटच्या धक्क्यावरून सुटते, पण तिचं वेळापत्रक नाही. बारा डोकी जमली की बमबोट, म्हणजे छोटी मोटरबोट, सुटते. घाई असेल तर रिकाम्या जागांचेही पैसे भरा! मिनिटावर चालणारे सिंगापूरकर तिथे मुकाट ताटकळत बसलेले बघून मला फार मजा वाटली.

पलीकडे उतरलं की विजेची तारसुद्धा शहरातून आलेली नाही. जनरेटर आणि सौरऊर्जेवर काम चालतं. सायकल भाड्याने घेतली, तिची चेन चढावर करकरत होती. ग्रॅनाइटच्या जुन्या खाणींत आता पाणी साठलंय. सुंदर आहेत, पण माझा जीव रमला तो चेक जावाला, बेटाच्या किनाऱ्यावरच्या पाणथळ भागात. इथे समुद्रात भर घालायचं जवळपास ठरलं होतं. लोकांनी आवाज उठवला आणि 2001 च्या डिसेंबरमध्ये सरकारने बेत पुढे ढकलला. म्हणून तर आज उंचावरच्या पायवाटेवरून वाकून चिखलातले खेकडे बघता येतात. नराची एक नांगी जवळजवळ अंगाएवढी, आणि ती सारखी वर-खाली हलवत स्वारी माद्यांसमोर मिरवत असते. दुसऱ्या इवल्याशा नांगीने खाणं चालूच!

रानडुकरं पिशवीचा वास काढत येतात, खाऊ उघडा ठेवू नका. आणि ओहोटीची वेळ बघूनच जा, भरतीला चिखलातलं काहीच दिसत नाही.